नकाशावरचा ठिपका ते रानातला डाग: मराठवाड्यात उपग्रहावरून वणवा कसा तपासायचा

होळीच्या आसपास व्हॉट्सॲपच्या गटांवर एक स्क्रीनशॉट हमखास फिरतो. नासाच्या नकाशावर लाल ठिपके आणि खाली ओळ: 'गौताळ्यात वणवा! सगळे झोपेत!' नीट पाहिलं तर त्यातला एखादा ठिपका उसाच्या फडातला निघतो, एखादा परवाचा, तर एखादा आग अडवायला वनखात्यानेच मुद्दाम जाळलेल्या पट्ट्याचा, म्हणजे जाळरेषेचा.

यात उपग्रहाची चूक नसते, पाहणाऱ्याचा क्रम चुकलेला असतो. ठिपका दिसला की आधी त्याची वेळ, मग जागा, मग त्या जागेवर काय उभं आहे ते पाहायचं. एवढं जुळलं तरच फोन. जळाल्याचा डाग शोधणं आणि क्षेत्र मोजणं ही कामं त्यानंतरची. खालचे टप्पे याच क्रमाने करा.

## आधी एक गोष्ट: धडे कुठल्या जंगलाचे आहेत ते बघा

यूट्यूबवरचे बहुतेक धडे कॅनडा, सायबेरिया किंवा कॅलिफोर्नियाच्या आगींवर बेतलेले असतात. उत्तरेकडच्या सूचिपर्णी जंगलात आग शेंड्यापर्यंत चढते, आठवडेच्या आठवडे चालते आणि पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या पाल्याच्या, जमिनीत तर बर्फाखालीही धुमसत राहते. कॅनडात २०२३ च्या एका हंगामात सुमारे दीड कोटी हेक्टर जळालं. तिथला डाग पुढची कित्येक वर्षं उपग्रहावरून दिसतो.

किनवट-माहूरचा सागवान, कन्नडचा गौताळा, येडशीचा रामलिंग घाट किंवा पाटोद्याजवळचं नायगाव घ्या. ही पानगळीची रानं. आग जमिनीवरच्या पाचोळ्यातून आणि वाळल्या गवतातून सरपटत जाते, काही तासांत पुढे सरकते किंवा विझते. राख वाऱ्याने उडते, आणि पहिला पाऊस झाला, हिरवं फुटलं की डाग दिसेनासा होतो. तिकडची साधनं आपल्याला चालतात, पण तिकडची सावकाशी आणि तिकडचे आकडे चालत नाहीत. पुढच्या निम्म्या चुका यातूनच होतात.

## तयारी: ही कामं जानेवारीतच उरका

वणव्याचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. आग लागल्यावर खातं उघडून पासवर्ड शोधत बसलात तर काम झालंच म्हणून समजा.

उपग्रहांना जाणवलेल्या उष्णतेचे ठिपके दाखवणारं नासाचं 'फर्म्स' हे संकेतस्थळ नुसता नकाशा पाहण्यासाठी खात्याशिवाय चालतं. ठराविक भागासाठी ईमेलवर सूचना येण्याची सोय आहे, ती लावून ठेवा. भारतीय वन सर्वेक्षणाच्या 'वन अग्नी' पोर्टलवरही नाव नोंदवा. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रं पाहायला 'कोपर्निकस ब्राउझर'वर मोफत खातं काढा. लॅपटॉप असेल तर क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर घ्या. तेही फुकट आहे. निव्वळ मोबाइलवर पाचव्या टप्प्यापर्यंत काम होतं, क्षेत्रमोजणी होत नाही.

जंगलाच्या हद्दीची फाइल मिळवा. ओपनस्ट्रीटमॅपवर अभयारण्यांच्या हद्दी असतात, पण त्या कोणीतरी हाताने आखलेल्या असतात, तेव्हा ओढ्याच्या अलीकडे-पलीकडे एवढा फरक धरून चला. कक्ष क्रमांक (जंगलाच्या तुकड्यांचे क्रमांक) असलेला नकाशा वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयातून मिळाला तर सोन्याहून पिवळं.

आता सगळ्यात दुर्लक्षित काम: कायम तापलेल्या जागांची यादी. फर्म्सवर मागच्या वर्षीचे जुलै ते सप्टेंबर हे महिने उघडा. भर पावसाळ्यात, रान ओलंचिंब असताना ज्या जागी पुन्हा पुन्हा ठिपके पडले आहेत, तिथे वणवा असूच शकत नाही; ती भट्टी, बॉयलर किंवा चिमणी असते. परळीचं औष्णिक वीज केंद्र आणि जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या पोलादाच्या भट्ट्या ही सहज आठवणारी ठिकाणं. तुमच्या तालुक्यातल्या अशा जागा नकाशावर खुणा करून ठेवा. वीटभट्ट्या मात्र या यादीत सापडणार नाहीत, कारण त्या पावसाळ्यात बंद असतात. त्या वेगळ्या नोंदवा.

तपासा: फर्म्सची सूचना येते का? कोपर्निकसवर लॉगिन होतं का? परिक्षेत्र कार्यालयाचा नंबर फोनमध्ये आहे का? तिन्हीला 'हो' असेल तरच पुढे.

## टप्पा १: ठिपके उतरवून घ्या

स्क्रीनशॉटवर काम करू नका. फर्म्सवर दक्षिण आशियाची गेल्या २४ तासांची, ४८ तासांची आणि ७ दिवसांची फाइल तयार मिळते. तिच्यातून आपला चौकोन कापून घ्या. अक्षांश १७.५ ते २०.७ आणि रेखांश ७४.४ ते ७८.५ एवढ्यात सगळा मराठवाडा बसतो. कडेने विदर्भ, तेलंगणा आणि नगरचा भागही येतो, तो नंतर गाळा.

फाइली दोन प्रकारच्या असतात, मोडिस आणि व्हिर्स या उपग्रहांवरच्या दोन उपकरणांच्या. मोडिसच्या ठिपक्यामागे १ किलोमीटरचा चौकोन असतो, व्हिर्सच्या मागे ३७५ मीटरचा. आपल्या कामाला व्हिर्स घ्या. ते सुओमी एनपीपी, नोआ-२० आणि नोआ-२१ अशा तीन उपग्रहांवर आहे. तिन्हींच्या फाइली उतरवा. एकाचीच घेऊन 'आज काही नाही' असं ठरवणारे बरेच आहेत.

सावध: क्यूजीआयएसमध्ये फाइल आणताना आडव्या अक्षावर रेखांश आणि उभ्यावर अक्षांश. उलट झालं तर बीडचे ठिपके नॉर्वेच्याही वर, आर्क्टिक समुद्रात जाऊन पडतात. ही चूक निदान दिसते तरी. पुढची दिसत नाही.

## टप्पा २: वेळ आपल्या घड्याळात आणा

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा थांबून वाचा.

फाइलमधली तारीख आणि वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे. शिवाय वेळ मध्ये विसर्ग न घालता चार आकड्यांत लिहिलेली असते, आणि एक्सेल पुढचं शून्य गिळून टाकतं. म्हणजे 'आठ वाजून सव्वीस मिनिटं' हे नुसतं ८२६ दिसतं. ते आठशे सव्वीस मिनिटं नव्हे. ८ तास २६ मिनिटं, त्यात साडेपाच तास मिळवा: दुपारचे १ वाजून ५६ मिनिटं.

रात्रीचं उदाहरण घ्या. समजा ओळीत तारीख ११ मार्च आणि वेळ २०३४ आहे. २०:३४ मध्ये ५:३० मिळवले की २६:०४. म्हणजे आपल्याकडे १२ मार्च उजाडलेला, रात्रीचे २ वाजून ४ मिनिटं. रात्रीच्या फेरीतल्या ठिपक्याची तारीख अशी एक दिवसाने बदलते. हे न करता बातमी लिहिली तर १२ तारखेची पहाट ११ तारखेची रात्र होऊन बसते, आणि वनरक्षक म्हणतो त्या रात्री तर आम्ही तिथेच होतो, काहीच नव्हतं. त्याचंही खरं असतं.

व्हिर्सचे उपग्रह आपल्यावरून दुपारी साधारण साडेबारा ते तीन आणि रात्री साधारण त्याच तासांत जातात. तुमचं उत्तर या दोन खिडक्यांच्या बरंच बाहेर आलं, तर बेरीज पुन्हा करा.

यातून आणखी एक गोष्ट निघते. संध्याकाळी पाचला पेटलेली आणि नऊला विझलेली आग या उपग्रहांना दिसतच नाही. ठिपका नाही म्हणून आग नव्हती, असं कधी लिहू नका. इन्सॅटसारखे स्थिर उपग्रह दिवसभर पाहत असतात, पण त्यांच्या उष्णतेच्या चित्रातला एक चौकोन सुमारे ४ किलोमीटरचा. त्यात मोठा वणवा कळेल, टेकडीच्या एका कुशीतली आग नाही.

तपासा: प्रत्येक ओळीपुढे भारतीय तारीख-वेळेचा नवा रकाना तयार झाला का? मूळ रकाने पुसू नका.

## टप्पा ३: ठिपका किती मोठा ते समजून घ्या

नकाशावरचा ठिपका म्हणजे चौकोनाचा मध्य. ३७५ मीटरच्या चौकोनात सुमारे १४ हेक्टर, म्हणजे ३५ एकर जमीन येते. आग त्यात कुठेही असू शकते, आणि ती एका गुंठ्यावरही असू शकते. उपग्रह एका फेरीत पाहतो त्या पट्ट्याच्या कडेला हा चौकोन आणखी फुगतो. फाइलमधले 'स्कॅन' आणि 'ट्रॅक' हे रकाने त्याची लांबी-रुंदी किलोमीटरमध्ये सांगतात. ते वापरून ठिपक्याभोवती चौकोन काढा आणि मगच जागेबद्दल बोला.

'दहा ठिपके गुणिले ३५ एकर, म्हणजे साडेतीनशे एकर खाक' हा हिशेब साफ चुकीचा आहे. तोच जाळ तीन उपग्रह तीनदा टिपतात, शिवाय शेजारच्या चौकोनातही त्याची धग लागते.

खात्रीचा रकाना वाचतानाही घोळ होतो. व्हिर्समध्ये कमी, साधारण आणि जास्त अशा तीन पायऱ्या आहेत. 'साधारण' म्हणजे संशयास्पद नव्हे. बहुतेक खऱ्या आगी याच पायरीत असतात. 'कमी' असलेले दुपारचे ठिपके मात्र सावधपणे घ्या, त्यात उन्हाच्या चकाकीचे असतात. एफआरपी हा रकाना मेगावॅटमध्ये उष्णतेचा जोर सांगतो, आगीचा आकार नाही. पाचटाचा भडका मोठा आणि तासाभराचा. जंगलातल्या पाचोळ्याची आग बुटकी, पण रात्रभर चालणारी. आकडा लहान म्हणून ती सोडू नका.

## टप्पा ४: त्या जमिनीवर काय उभं आहे?

चौकोन आता ताज्या उपग्रह चित्रावर ठेवा. गुगलचं चित्र वर्ष-दोन वर्षं जुनं असू शकतं, म्हणून कोपर्निकसमधलं गेल्या पाच-दहा दिवसांतलं पाहा.

मराठवाड्यात वणव्याच्या हंगामातच शेतातल्या आगी चालू असतात. मार्चपर्यंत उसाचं पाचट जळतं. कापूस उपटला की पऱ्हाट्यांचे ढीग पेटतात. एप्रिल-मेमध्ये मशागतीआधी तुरीची धसकटं, काडीकचरा आणि बांध पेटवले जातात. लातूर, परभणी, बीडच्या सपाट भागातला एकटा ठिपका बहुतेक यातलाच. खरी पंचाईत होते ती कडेला: बांध पेटवला, वारा फिरला आणि आग शेजारच्या गायरानातून टेकडीवर चढली. तिथे ठिपका शेतात असतो आणि वणवा रानात. म्हणून हद्दीलगतचा ठिपका 'शेतातला' म्हणून फेकू नका, पुढच्या फेरीपर्यंत डोळ्यांसमोर ठेवा.

एक खूण चांगली कामाला येते. दुपारी एका जागी ठिपके, रात्री त्यांच्या पुढे काही शे मीटरवर नवे, दुसऱ्या दुपारी आणखी पुढे, अशी रांग सरकत असेल तर ती जंगलातली चालती आग. शेतातली आग एका फेरीत दिसते आणि संपते.

दोन अपवाद लक्षात ठेवा. हंगामाच्या तोंडावर जंगलात सरळ रेषेत ठिपके पडले तर ती जाळरेषा असू शकते. आग अडावी म्हणून वनखातं रानात पट्टे आखून जाळतं. आणि मोहफुलांच्या दिवसांत किनवटकडे झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो, फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून. ती आग लहान असते, पण अनेक वणव्यांची सुरुवात तिथूनच होते, तेव्हा ती 'नेहमीचीच' म्हणून सोडू नका.

गट नंबर पाहायचा तर महाभूनकाशावर मिळतो. पण ३५ एकरांच्या चौकोनात किती गट बसतात ते बघा आणि एकाही शेतकऱ्याचं नाव घेऊ नका. ठिपक्यावरून माणूस ठरत नाही.

तपासा: तुमच्या यादीतली कायमची तापलेली जागा नाही ना? चौकोन पूर्ण रानात, हद्दीवर की पूर्ण शेतात?

## टप्पा ५: ताजी आग असेल तर इथेच थांबा आणि कळवा

ठिपका गेल्या बारा तासांतला आहे, चौकोन रानात किंवा हद्दीवर आहे, ओळखीची भट्टी नाही. बस्स, एवढं पुरे. डाग शोधत बसू नका. वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे. परिक्षेत्र कार्यालयालाही थेट फोन करा. वस्तीला धोका असेल तर ११२.

संदेशात 'जंगलात आग लागली आहे' एवढंच लिहून उपयोग नाही. नमुना असा:

'१२ मार्च, रात्री २:०४ (भारतीय वेळ). उपग्रह सुओमी एनपीपी, खात्री साधारण. अक्षांश, रेखांश दशांशात सोबत. गावाच्या पूर्वेला साधारण २ किमी, पाझर तलावाच्या वरच्या अंगाला. जागा सुमारे ४०० मीटर इकडेतिकडे असू शकते. प्रत्यक्ष पाहिलेलं नाही.'

शेवटचं वाक्य गाळू नका. वनरक्षकाला रात्री टेकडी चढायची असते. तुम्हाला काय माहीत आहे आणि काय नाही, हे त्याला आधी कळलं पाहिजे. अक्षांश-रेखांश अंश-मिनिटांत न देता दशांशात द्या, म्हणजे ते फोनवरच्या नकाशात जसेच्या तसे टाकता येतात.

सावध: फोटोसाठी स्वतः आगीकडे जाऊ नका. उताराच्या वरच्या बाजूला तर मुळीच नाही. आग चढावर पळते.

## टप्पा ६: जळाल्याचा डाग शोधा

हे काम आग विझल्यावरचं. सेंटिनेल-२ दर ५ दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास जातो. त्याचा चौकोन १० आणि २० मीटरचा, त्यामुळे इथे टेकडीची कूसही ओळखू येते.

कोपर्निकस ब्राउझरमध्ये आगीआधीचं शेवटचं आणि आगीनंतरचं पहिलं स्वच्छ चित्र निवडा. दोन्हींमध्ये शक्यतो दहा दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. 'एसडब्ल्यूआयआर' (लघुतरंग अवरक्त) हा थर लावा. त्यात जिवंत झाड हिरवं दिसतं आणि ताजा डाग काळपट-तांबूस. दोन्ही चित्रं तुलनेच्या खिडकीत टाकून पडदा इकडून तिकडे सरकवा. सागाची पानं गळालेली असतात हे इथे पथ्यावर पडतं. जमीन उघडी असते, राख थेट दिसते.

साध्या रंगाच्या चित्रावर मात्र भरवसा ठेवू नका. नुकतीच नांगरलेली आपली काळी जमीन त्यात अगदी जळाल्यासारखी दिसते. ओळख कडांवरून पटते: नांगरटीच्या कडा बांधाप्रमाणे सरळ, वणव्याच्या कडा वाकड्यातिकड्या, ओढ्याशी किंवा पायवाटेशी अडलेल्या.

## टप्पा ७: क्षेत्र मोजा, पण उसन्या आकड्यांनी नको

मोजणीसाठी एनबीआर हा निर्देशांक वापरतात. सेंटिनेल-२ मध्ये बी८ए हा अवरक्त पट्टा आणि बी१२ हा लघुतरंग अवरक्त पट्टा घ्यायचा. दोहोंची वजाबाकी भागिले दोहोंची बेरीज. आगीआधीच्या एनबीआरमधून नंतरचा वजा केला की डीएनबीआर. तो जितका मोठा, तितकं जास्त जळालं.

सगळीकडे छापलेला तक्ता सांगतो की ०.१ च्या खाली न जळालेलं, ०.२७ पर्यंत कमी, ०.६६ च्या वर भीषण. हा तक्ता उत्तर अमेरिकेतल्या रानांवरून आलेला आहे. तो इथे जसाच्या तसा लावला की दोन्हीकडून फसगत होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळीनेच एनबीआर उतरतो, त्यामुळे न जळालेला सागवान 'जळालेला' दिसतो. आणि पाचोळ्याची खरी आग झाडाला फारसा धक्का न लावता गेली, तर ती 'कमी'मध्ये ढकलली जाते.

उपाय साधा आहे. त्याच उतारावर, त्याच जातीच्या झाडीचा, नक्की न जळालेला तुकडा निवडा आणि त्याचा सरासरी डीएनबीआर काढा. समजा तो ०.१२ आला आणि संशयित जागेचा ०.३१. पानगळीचे ०.१२ वजा करा. आगीच्या वाट्याला ०.१९ उरले. जळालं-न जळालं याची सीमारेषा कुठे ओढायची, ते प्रत्यक्ष पाहिलेल्या पाच-दहा जागांवरून ठरवा.

मोजण्याआधी शेतं आणि पाणी गाळून टाका. तोडलेला ऊस आणि कापलेला गहू डीएनबीआरमध्ये भीषण आगीसारखे उठून दिसतात. आटत चाललेल्या तलावाची कडसुद्धा.

चित्रं उतरवून स्वतः हिशेब करणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. २५ जानेवारी २०२२ पासूनच्या सेंटिनेल-२ फाइलींत प्रत्येक चौकोनाच्या आकड्यात १००० मिळवलेले असतात. ते आधी वजा करा, नाहीतर गुणोत्तरच चुकतं. दुसरी नांदेडकरांसाठी: यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीतल्या ४३ आणि ४४ या पट्ट्यांची सीमा ७८ अंश रेखांशावर आहे, म्हणजे माहूर एका पट्ट्यात आणि किनवट दुसऱ्यात. क्षेत्र काढताना ज्या बाजूला डाग आहे तो पट्टा निवडा. अंशांतल्या नकाशावर थेट क्षेत्र काढू नका.

तपासा: आलेल्या डागाच्या आत किंवा अगदी लगत टप्पा ३ मधला एखादा चौकोन येतो का? डाग आहे पण ठिपका नाही, हे चालतं. आग दोन फेऱ्यांच्या मध्ये झाली असेल. ठिपका आहे पण डाग नाही, तर टप्पा ४ पुन्हा करा.

## टप्पा ८: पाहणी आणि नोंद

पाहणी आग पूर्ण विझल्यावर, आणि राखीव जंगलात परवानगी घेऊन, शक्यतो वनरक्षकासोबतच. डागाच्या आतल्या तीन-चार आणि बाहेरच्या तीन-चार जागा आधीच फोनच्या नकाशात टाकून न्या. प्रत्येक जागी जमिनीचा एक आणि खोडाचा एक फोटो काढा. खोडावर काळी खूण किती उंचीपर्यंत चढली आहे ते पाहा. बाहेरच्या जागा टाळू नका. डागाच्या आतल्याच जागा पाहणाऱ्याला आपला आकडा फुगला आहे हे कधीच कळत नाही.

नोंदीत ठिपक्याची मूळ ओळ, भारतीय वेळ, दोन्ही चित्रांच्या तारखा, वापरलेली सीमारेषा, न जळालेल्या तुकड्याचा डीएनबीआर आणि क्षेत्र एवढं लिहा. क्षेत्र '६१.३७ हेक्टर' असं न लिहिता 'सुमारे ६० हेक्टर' लिहा. २० मीटरच्या चौकोनातून दशांश निघत नसतात. फर्म्सची ताजी फाइल काही महिन्यांनी सुधारित फाइलने बदलली जाते, आणि तिच्यात आगीचा प्रकार सांगणारा एक जास्तीचा रकाना येतो: ० म्हणजे बहुधा झाडझाडोऱ्याची आग, २ म्हणजे जागची स्थिर उष्णता. दिवाळीनंतर ती फाइल उतरवून उन्हाळ्यातल्या नोंदी एकदा ताडून घ्या, आणि २ आलेल्या जागा कायम तापलेल्या जागांच्या यादीत चढवा.